भावाने न पाहिलेल्या शर्यती

३ जुलै, गुरुवार

आज फुआतिनोने घराण्याचं नाक कापलं आणि सुरी माझ्या हातात होती असं सगळं गाव म्हणतंय. म्हणू दे. थोडी होतीच.

झालं असं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकला की आमच्या गावात कुणी पाऊल उचलत नाही. रस्त्यात असलेल्याने तिथेच बसायचं, घरातल्याने घरात. गावची तरुण पोरं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहतात आणि दुसरा शंख होईपर्यंत कोंबडीसुद्धा रस्ता ओलांडायला लाजते. अशा वेळी आमची बया कानात गाणी खुपसून भर रस्त्याने पळत आली. शंख तिच्या कानावर गेलाच नाही. पोरांनी "थांब, थांब" म्हणून हात केले, तर तिला वाटलं आपल्याला चेव आणताहेत. तिनेही हसून हात हलवला! आणि अंगात काय, तर मांडीवरची चड्डी.

मला आधी हसू आलं, मग गावसभा आठवली. फुआतिनो ही माझ्या धाकट्या भावाची, पेलेनातोची मुलगी. तिला पळायला मीच शिकवते. सव्वीस तारखेला राजधानीत, आपियाला, निवडीची शर्यत आहे. पहिल्या दोघींना देशाचा निळा शर्ट मिळणार, आणि बाहेरच्या बेटांवर पळायला जायचं. माझ्यानंतर या गावातून कुणी गेलेलं नाही.

४ जुलै, शुक्रवार

गावसभेने दंड ठोठावला: एक मोठं डुक्कर आणि माशांच्या डब्यांची खोकी. पेलेनातो घराण्याचा प्रमुख, म्हणजे त्याच सभेत बसून त्याला स्वतःच्याच दंडाला मान डोलवावी लागली. घरी आला, डुक्कर बांधून पाठवलं, जेवला, आणि मग मुलीला म्हणाला, "पळणं बंद." एवढंच. तो कधी जास्त बोलत नाही.

फुआतिनो माझ्याकडे येऊन चटईवर पालथी पडून रडली. मागोमाग भावजय आली, तिरेसा. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, त्यामुळे चाचपडत, खांबाला धरत.

"वन्सं, तुम्ही एक शब्द टाका."

"मी कशाला टाकू? मुलगी तुमची."

"तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. तुम्हाला काय सांगायचं!"

ते मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे बहिणीने मागितलं आणि भावाने नाही म्हटलं असं होत नाही. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं म्हणतात. पण डोळ्याला स्वतःची बाहुली कधी दिसते का? माझ्या इतक्या शर्यती झाल्या, देशात मी पहिली येत होते, आणि या माणसाने त्यातली एकही पाहिली नाही. एकसुद्धा! नवरा गेल्यावर मी वडिलांच्या जागेत परत आले, तेव्हापासून त्याच्या घराशेजारी राहते. रोज सकाळी भाजलेला निरफणस नि मासा आधी माझ्याकडे येतो, मग त्याच्या घरात ताट पडतं. पण पळण्याचा विषय निघाला की तो मिठाची गुळणी धरतो. त्याच्याकडे पळण्यासाठी भीक मागू? मी नाही मागणार.

८ जुलै, मंगळवार

फुआतिनो पळत नाही, मग माझ्या पहाटेला काही कामच उरलं नाही. डोक्यात नुसत्या जुन्या गोष्टी येतात. लिहून टाकते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

माझ्या वेळी या बेटावर पळणारी बाई म्हणजे येडपट. आमची माणसं वजन उचलावं, रग्बी खेळावी अशा हाडाची. मी पळत निघाले की म्हाताऱ्या चटया विणता विणता ओरडायच्या, "मातालेना, कोण लागलंय गं मागं?" एक जण तर रोज म्हणायचा, "पळून पळून जाशील कुठं? पुढे समुद्र आहे!" मी म्हणायचे, "मग वळीन!" आणि वळून यायचे.

सगळ्यात जास्त बोलणी बिचाऱ्या पेलेनातोला बसली. पळून पळून मी काडीसारखी झाले. आमच्याकडे बहीण वाळली की लोक भावाचं तोंड बघतात. चर्चच्या दारात बायका त्याच्यासमोरच मला म्हणायच्या, "अगं, घरात खायला घालत नाहीत का?" तो खाली बघायचा. मग आठवडाभर माझ्या पानात तारोचे कंद दुप्पट, डुकराच्या मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा माझा. मी चिडायचे. एवढं खाऊन पळायचं कसं? मला वाटायचं, हा मुद्दाम करतोय, जड व्हावी नि घरी बसावी म्हणून.

तरी काय दिवस होते! पहाटे अजून चुली पेटायच्या असायच्या, काळ्या लाव्हाच्या माळावर दव पडलेलं असायचं. गाव ओलांडेपर्यंत लुंगीसारखा लांब लावालावा नेसायचा, शेवटचं घर मागे पडलं की तो सोडून कमरेला गुंडाळायचा आणि चड्डीवर सुसाट सुटायचं. अनवाणी. त्या रस्त्यावर तेव्हा मोटारी जवळजवळ नव्हत्याच. डावीकडे समुद्र, उजवीकडे नारळी, आणि मधे मी. असं वाटायचं की हे बेट मला फिरवून आणायला कुणीतरी माझ्या स्वाधीन केलंय. ते परत मिळणार असेल तर मी आज हे दुखरे गुडघे, हे घर, चर्चमधली माझी पुढची जागा, सगळं देऊन टाकीन.

आणि कुत्री! आता फुआतिनोला पळताना हातात काठी लागते, एवढी ती अंगावर येतात. माझ्या वेळी कुत्री किती शहाणी होती. वर्षानुवर्षं त्या रस्त्याने पळाले, एकाने भुंकून म्हणून दाखवलं नाही. बहुतेक त्यांना माझा वास ओळखीचा झाला होता.

१३ जुलै, रविवार

चर्चनंतर पेलेनातोकडे जेवण. तो नेहमीप्रमाणे घराच्या मागच्या बाजूला, मी पुढच्या खांबाशी. भाऊ-बहीण जवळ बसत नाहीत, थट्टामस्करी तर लांबच. सत्तावन्न वर्षांत तो मला बघून मोकळेपणी हसलेला मला आठवत नाही. शेजारची लागी नावाची म्हातारीही जेवायला होती, आणि तिचं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

"मातालेना पळायची तेव्हा काय थाट होता! आणि हा पेलेनातो पहाटे तिच्याही आधी उठून रस्त्याला लागलेला असायचा. खिसे खड्यांनी भरलेले. चालला की खुळखुळ वाजायचा!"

"आंबे पाडायला जात असेल," मी म्हटलं.

"पहाटे? अंधारात?" म्हातारी म्हणाली.

पेलेनातोने तिच्या पानात मासा वाढला आणि ती गप्प झाली. लहानपणापासून तो असाच, पाखरं मारत हिंडणारा.

मग मी फुआतिनोला ऐकू जावं म्हणून जुनी गोष्ट काढली. आपियाच्या मैदानावर मी पहिल्यांदा बूट घालून पळाले, शिक्षकांनी दिलेले. सवय नव्हती. एक बूट मधेच निघाला नि मी तशीच पुढे पळत राहिले.

"डावा," मागून पेलेनातो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. कुणीतरी सांगितलं होतं." आणि तो हात धुवायला उठून गेला.

गावात काही लपून राहत नाही, बुटाचीसुद्धा बातमी होते. पण त्याला आठवावं, याचं मात्र नवल वाटलं. त्या दिवशी तोही आपियातच होता म्हणा, पण बाजारात. माझी शर्यत आली की त्याचे तारो विकायला तयार असायचे! बोटीतून एकत्र जायचो, धक्क्यावर उतरलो की तो बाजाराकडे, मी मैदानाकडे. एकदा मी म्हटलंही होतं, "तारो दुसऱ्या कुणाला बघायला सांग की." तो म्हणाला, "तारो टाकून कसं चालेल, अक्का?" त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

फुआतिनो जेवलीच नाही. पळणं तुटल्यापासून ती एका जागी बसते नि पायाची बोटं हलवत राहते. मला बघवत नाही. माझंही एकदा असंच झालं होतं. परदेशातल्या सुव्याहून शर्यत पळून आले तेव्हा. देशात पहिली असलेली मी देशाबाहेर शेवटून पहिली आले. बाकीच्या पोहोचून पाणी प्यायल्या, घाम पुसला, आणि मी अजून पळतेच आहे. परक्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला इतकी लाज वाटली की घरी येऊन मी महिनाभर कुणाला तोंड दाखवलं नाही. पण मी पळाले तरी! शेवटची तरी आले! हिला शेवटची येण्याचीही संधी मिळू नये?

१७ जुलै, गुरुवार

गेले. मागितलं.

मानाच्या भेटीला नेसतात ती बारीक विणीची चटई कमरेला नेसले, केसांत तेल घातलं, अगदी रीतीने गेले. तो मागच्या खांबाला टेकून बसला होता. मला बघून सावरून बसला, नजर जमिनीवर.

मी म्हटलं, "पेलेनातो, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

"हो."

"आज मागते. पोरीला पळू दे."

तो म्हणाला, "अक्का, शंखाच्या वेळी पळाली म्हणून मी तिला थांबवलं. पळते म्हणून नाही. कानातलं ते काढून टाकू दे. गावाची वेस येईपर्यंत पायघोळ नेसू दे. झालं."

"एवढंच?"

"एवढंच." आणि मग, अगदी हळू, "इतकी वर्षं मी वाट बघत होतो, तू काहीतरी मागशील म्हणून."

मी उठून आले. फुआतिनोने मला उचलून गरकन फिरवलं, माझा गुडघा कळवळला. "आत्या, तू जादू केलीस!" जादू कसली. त्याने रीत पाळली. बहिणीने शब्द टाकला, भावाने झेलला. त्याच्या मनात काय आहे ते मला आजही कळलं नाही, आणि आता कळून तरी काय करायचंय? काप गेले नि भोकं राहिली.

तरी आनंद झालाच. उद्या पहाटे परत रस्ता!

२२ जुलै

पोर छान पळतेय. चढावर माझ्याहून चांगली. खरं लिहायचं तर, चढावर माझ्याहून खूपच चांगली. हे तिला सांगणार नाही.

२६ जुलै, शनिवार, आपिया

शर्यत झाली. फुआतिनो तिसरी.

दोघींची निवड होती. सहा पावलांचं म्हणा, आठ पावलांचं म्हणा, एवढंच अंतर राहिलं. मैदानाच्या कडेला पडली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडली. मी म्हटलं, "रड. मी सुव्याहून येताना बोटीत तीन दिवस रडले होते." अर्ध्या तासाने उठून तिने नारळाच्या रसातले चार पाव खाल्ले. जगेल ती. पुढच्या खेपेला ती पहिली दुसरी येईल, हे मी आजच लिहून ठेवते.

पण मला जे लिहायचंय ते दुसरंच आहे. पेलेनातो आला होता. मैदानात. तारो नाहीत, बाजार नाही, धुतलेला सदरा घालून तो आमच्याबरोबर बोटीतून आला आणि सरळ मैदानाच्या भिंतीवर तिरेसाशेजारी जाऊन बसला. आणि त्याने शर्यत पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मान लांब करकरून पाहिली. सारखा तिरेसाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होता. दोन मुली पुढे निघाल्या तेव्हा उभाच राहिला. असा उत्साह मी त्याच्यात कधी बघितला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला फार वाईट वाटलं. म्हणजे याला शर्यत बघता येते! मुलीची बघता येते. बहीण तेवढी नाही. आपल्याच भाचीचा हेवा करायचा, तेही या वयात! मला स्वतःचीच लाज वाटते, पण खोटं कुणाला लिहू? ही वही मीच वाचणार.

परतीच्या बोटीत त्याने माझ्यासाठी सावलीतली जागा धरली होती. मी मुद्दाम उन्हात बसले.

२७ जुलै, रविवार

आज काय लिहू, कसं लिहू.

जेवणं झाली, पुरुष झोपले. तिरेसा माझ्याकडे आली. मी फुगले होते ते त्या मोतीबिंदूवालीलाही दिसलं.

"काय झालं, वन्सं? पोरगी तिसरी आली म्हणून?"

"नाही."

"मग?"

नाही नाही म्हणता सगळं ओकले. "तुझा नवरा मुलीची शर्यत बघायला भिंतीवर चढतो. माझ्या वेळी त्याला तारो प्यारे होते!"

तिरेसा हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "आता सांगते. त्यांनी मला शपथ घातलेली आहे, पण सांगते. देव मला बघून घेईल. वन्सं, आमचं लग्न कसं जमलं माहितीये तुम्हाला?"

"बाजारात."

"बाजारात नाही. त्याच भिंतीवर. मी तिथं पाव विकायला उभी असायचे. एक दिवस बघते तर हा माणूस भिंतीवर बसलेला, पाठ मैदानाकडे आणि तोंड रस्त्याकडे! सगळं जग तिकडं बघतंय, आणि हा येणाऱ्याजाणाऱ्या बसगाड्यांकडे. मला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. म्हटलं, 'अहो, शर्यत तिकडं आहे.' तर म्हणाला, 'माहीत आहे. तिथं माझी बहीण पळतेय, आखूड कपड्यांत. भावाला बघता येत नाही. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही बघा आणि मला सांगा.'"

"मग काय, मी सांगत सुटले. आता वळली, आता दुसरीला गाठलं, आता बूट निघाला. 'कुठला?' म्हणाला. 'डावा,' म्हटलं. 'लागलं का तिला?' 'नाही हो, पळतेय तशीच.' तर खाली मान घालून हुंदके द्यायला लागला. एवढा मोठा गडी! त्या दिवशी पाव एकही विकला नाही, सगळे त्यानेच घेतले. पुढच्या शर्यतीला परत तोच, तसाच, पाठ करून. प्रत्येक शर्यतीला, वन्सं. एकही चुकवली नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"म्हणायचे, अक्काला कळलं की भाऊ तिथं आहे, तर लाजेने तिचे पाय अडखळतील."

खरंच अडखळले असते. मी पळता पळता एका पायावर थबकले असते नि लावालावा शोधला असता.

"आणि काल?" मी विचारलं.

"काल मला दिसत नव्हतं ना. म्हटलं, आता तुमची पाळी. तुम्ही बघा नि मला सांगा. मुलगीच आहे, तिला बघायला हरकत नाही. पण खरं सांगू? त्यांना काही धड सांगता येत नाही. नुसतं 'आली, आली, गेली, गेली.' मी काय रंगवून सांगायचे तेव्हा!"

ती गेल्यावर मी खूप रडले. लिहायला लाज वाटत नाही, खूप रडले. मी सगळ्या जगाला मागे टाकून पळत होते असं मला वाटायचं, आणि भिंतीवर माझा भाऊ माझ्याकडे पाठ करून बसलेला होता. आता कुणी मला ती वर्षं परत दिली, तर मी प्रत्येक फेरीला त्या भिंतीकडे एकदा बघीन. पण ती वर्षं कोण देणार?

आज रविवार. रविवारी इथे कुणी पळत नाही. उद्या.

२८ जुलै, सोमवार

पहाटे उठले. चर्चला जायचा पायघोळ झगा आणि खाली घोट्यापर्यंत लावालावा. एवढं नेसून कुणी पळालं नसेल. फुआतिनोला हाक मारली नाही, हे तिचं काम नव्हे.

पेलेनातो घराच्या दगडी ओट्यावर कोको पीत बसला होता. मी वाटेला लागले. पहिल्या दहा पावलांत गुडघ्याने शिव्या दिल्या. त्याला पावलं ऐकू आली, मान वर झाली, मी पळतेय हे कळलं, आणि सवयीने त्याने चटकन तोंड फिरवलं.

मी जन्मात भावावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"पेलेनातो! बघ की! अंगभर नेसलेय मी!"

तो हळूहळू वळला. कप हातातच. मी त्याच्या अंगणापुढून गेले, पाद्र्यांच्या कुंपणापर्यंत गेले, वळले, लावालाव्यात पाय अडकला, पडता पडता सावरले, आणि परत आले. सगळा वेळ तो बघत होता. मला त्याची नजर कळत होती, ऊन पाठीवर कळतं तशी. किती हळू गेले देव जाणे. एक डुक्कर माझ्याबरोबर चालत होतं आणि त्याला घाई नव्हती.

त्याच्या ओट्यापाशी येऊन मी धापा टाकत उभी राहिले. तो उठून उभा होता. डोळे भरलेले. मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार.

"अक्का," तो म्हणाला, "तिरेसाने मला फसवलं. ती तर म्हणायची, तू उडतेस."

पेलेनातोने माझी थट्टा केली! मला कळायलाच वेळ लागला. मग मी अशी हसत सुटले की तिथेच दगडावर बसले. तोही हसत होता, मोठ्याने, माझ्याकडे बघून.

घरातून तिरेसा ओरडली, "तेव्हा उडायच्या हो! देवाशपथ, तेव्हा उडायच्या!"

त्याने स्वतःचा कोको माझ्या हातात दिला. मी प्यायले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "उद्या परत जाणार?"

"गुडघ्याने ऐकलं तर."

"मग मी लवकर उठतो," तो म्हणाला. "रस्त्यात कुत्री असतात."